सहा आणि आठच्या मधलं घर

चष्मेवाल्यांच्या डोक्यात पाटीचं खूळ शिरलं ते त्यांच्या मेहुण्यामुळे. मेहुण्याने गावाबाहेर नवं घर बांधलं होतं. त्याचं आमंत्रण द्यायला तो आला, तेव्हा एक कप चहा संपेपर्यंत त्याने ‘चारी बाजूंनी मोकळं’ हे शब्द नऊ वेळा उच्चारले. चष्मेवाल्यांनी ते मोजले होते. नवव्या वेळी त्यांनी कप बशीत ठेवला आणि शांतपणे सांगितलं, की मोकळं काय, मैदानही असतं. घराला इतिहास लागतो. मेहुण्याने विचारलं, तुमच्या घराला आहे का? चष्मेवाले म्हणाले, आहे. मेहुणा म्हणाला, कुठे लिहिलंय?

हा प्रश्न त्यांना फार लागला. कोपऱ्यावरच्या दुकानात बसून रोज चाळीस माणसांचे डोळे तपासणारा माणूस. अख्ख्या गावाला काय दिसतं आणि काय दिसत नाही हे त्याला तोंडपाठ. त्याला कोणी ‘कुठे लिहिलंय’ म्हणून विचारावं?

तसं त्यांच्या बाजूने सांगण्यासारखं बरंच होतं. त्यांचं घर अकरा घरांच्या एका ओळीत होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका छापखान्याच्या मालकाने कामगारांसाठी बांधलेली ही ओळ. विटांची, दोन मजली, एकाच्या भिंतीला दुसऱ्याची भिंत, रेशनच्या रांगेतल्या माणसांसारखी खांद्याला खांदा लावून उभी. त्यातलं सात नंबरचं घर चष्मेवाल्यांनी अठरा वर्षांपूर्वी घेतलं आणि घेतल्या दिवसापासून ते आल्यागेल्याला फिरवून दाखवायला सुरुवात केली. बाकीची घरं सोळा फूट रुंद, हे नऊ. त्यावर चष्मेवाल्यांचं म्हणणं असं, की जुन्या लोकांना आटोपशीरपणाची जाण होती. बाकीच्या दारांवर विटांची कमान, यांच्या दारावर नुसती लाकडी तुळई. तर कमानी हा मागाहून आलेला नखरा, साधेपणा आधीचा, म्हणजेच आपलं घर ओळीतलं सगळ्यात जुनं. बैठकीच्या दगडी फरशीला पुढून मागे चांगला उतार होता आणि मधोमध एक उथळ खाच. उतार घर वयामुळे बसल्याचा, आणि खाच पूर्वी इथून छपाईच्या जड पेट्या ओढत नेत त्याची. हातातून वाटाणा सांडला तर तो थेट स्वयंपाकघरात जाऊन थांबे. त्यांची बायको म्हणे, या घरात तेवढी एकच गोष्ट न सांगता आपल्या जागी जाते.

शिवाय खांब होता. बैठकीच्या उजव्या कोपऱ्यात भिंतीला लागून जमिनीपासून छतापर्यंत गेलेला गोल खांब. चष्मेवाल्यांनी त्याला पांढरा रंग दिला होता आणि वरच्या टोकाला हौसेने सोनेरी पट्टा काढला होता. पाऊस लागला की त्या खांबातून गुळगुळ असा आवाज येई. अशा वेळी पाहुणे असले तर चष्मेवाले बोट वर करून सगळ्यांना गप्प बसवत आणि हलक्या आवाजात सांगत, की जुनी घरं श्वास घेतात.

तेव्हा आता एवढंच उरलं होतं, की हे सगळं कुठेतरी लिहिलेलं असावं. दारावर एक पाटी हवी. पितळी, सरकारी, ‘ऐतिहासिक वास्तू’ अशी. बायकोचं म्हणणं, स्वयंपाकघराच्या छपरातली काच गळते ती आधी बदलावी, इतिहास काही भिजत नाही. पण चष्मेवाल्यांनी अर्ज आणला.

वारसा वास्तू नोंदणी कक्ष तिसऱ्या मजल्यावर होता आणि तिथल्या कारकुनाने अर्ज घ्यायला तीन वेळा नकार दिला. पहिल्यांदा घराच्या फोटोत वरच्या खिडकीत चष्मेवाल्यांची बायको केस विंचरताना आली होती. कारकून म्हणाला, वास्तूत व्यक्ती दिसते. दुसऱ्या फोटोत बायको नव्हती, पण समोर फोटो काढणाऱ्याची सावली पडली होती. सावली हीसुद्धा व्यक्तीच धरतात. तिसऱ्या फोटोसाठी चष्मेवाल्यांनी ढगाळ दिवस शोधला, बायकोला मैत्रिणीकडे पाठवलं, समोरच्या फुटपाथवर गुडघ्यावर बसून फोटो काढला. तो कारकुनाला पसंत पडला. पण रकाना क्रमांक चौदा कोरा होता. रकाना क्रमांक चौदा होता, ‘वास्तूच्या चारही भिंतींच्या मालकीचा तपशील’. चष्मेवाल्यांना हसू आलं. त्यांनी तिथल्या तिथे पेन काढून ‘चारही भिंती स्वतःच्या’ असं ठसठशीत अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली. त्या सहीची पुढे त्यांना फार वेळा आठवण करून देण्यात आली.

शेजारी अर्थातच मदतीला धावले. सहा नंबरमध्ये टायपिस्टबाई राहत. त्यांनी कोर्टात चौतीस वर्षं टायपिंग केलं होतं. इतकी वर्षं निकाल टाइप करून करून आता निकाल त्यांच्या बोलण्यातच शिरला होता. साधं ‘भाजी महाग झाली’ म्हणायचं तरी त्या ‘सबब’पासून सुरुवात करत. त्यांनी अर्ज वाचून सांगितलं, की ‘नम्र विनंती’ काढा, नम्र माणसाचा अर्ज खालच्या गठ्ठ्यात जातो. आठ नंबरमध्ये विमा एजंट राहत, त्यांना सगळे विमावाले म्हणत. त्यांना पाटीपेक्षा पाटीच्या परिणामांची काळजी. पाटी पडून खालच्या माणसाचं डोकं फुटलं तर? पाटी चोरायला आलेला चोर शिडीवरून पडला तर? चष्मेवाल्यांनी दोघांचे आभार मानले आणि ‘नम्र विनंती’ तशीच ठेवली.

महिन्याभराने पाहणी अधिकारी आला. तरुण, उत्साही, खांद्याला टेप, कमरेला ओळंबा, हातात टॉर्च. जुन्या विटा पाहिल्या की याचा चेहरा आइस्क्रीम मिळालेल्या पोरासारखा होई. चष्मेवाल्यांना तो बघता क्षणी आवडला. त्यांनी त्याला नेहमीची फेरी घडवली: आटोपशीरपणा, साधेपणा, उतार, खाच. तो प्रत्येक गोष्ट ऐकून नुसता ‘अच्छा’ म्हणत होता आणि टिपून घेत होता. शेवटी ते खांबापाशी आले. अधिकाऱ्याने खांबावर बोटाने टिचकी मारली. टण्ण असा आवाज झाला. त्याने पुन्हा टिचकी मारली, मग कान लावला, मग बाहेर रस्त्यावर जाऊन छपराकडे पाहून आला. परत आला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते.

तो म्हणाला, “साहेब, हा खांब नाहीये. आठ नंबरच्या छपराचं पाणी उतरायचा बिडाचा पाइप आहे.”

चष्मेवाले म्हणाले, की आठ नंबरचा पाइप आपल्या बैठकीत कसा असेल, पाइप घराच्या बाहेर असतो. अधिकारी म्हणाला, हो, बाहेरच आहे. आपण बाहेर उभे आहोत.

मग त्याने पिशवीतून जुन्या नकाशाची नक्कल काढून जेवायच्या टेबलावर पसरली. नकाशात घरं दहाच होती. पहिली सहा चिकटून, नंतर नऊ फुटांची फट, नंतर चार चिकटून. फटीत बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘बोळ’. दारांवरचे नंबर पुढे बऱ्याच वर्षांनी पडले, असं तो म्हणाला. त्या आधी कधीतरी कोणीतरी पुढून-मागून भिंत घालून, वर छप्पर टाकून ही फट बंद केली होती. फरशीचा उतार मागच्या गटाराकडे पाणी जावं म्हणून. मधली खाच ही त्या बोळाची नाली. वरच्या झोपायच्या खोलीत डाव्या भिंतीवर गिलाव्याखाली जो चौकोनी फुगवटा होता, आणि ज्याला चष्मेवाले ‘गुप्त कोनाडा’ म्हणत, ती सहा नंबरची बुजवलेली खिडकी. डावी भिंत सहाची, उजवी आठची. घराला स्वतःच्या अशा भिंती दोनच, पुढची आणि मागची, आणि त्यांचाही नकाशा कुठे नाही.

हे सगळं सांगताना अधिकाऱ्याला इतका आनंद झाला होता, की त्याने चष्मेवाल्यांचा हात हातात घेऊन दाबला. असं उदाहरण कागदावर वाचलं होतं, म्हणाला, प्रत्यक्ष पाहायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

चष्मेवाले खुर्चीत बसले. बायकोने त्यांना पाणी आणून दिलं आणि अधिकाऱ्याला विचारलं, की मग स्वयंपाकघरातली काच गळते ती कोणाची.

*

इथवर प्रकरण चार भिंतींच्या आत होतं असं म्हणता आलं असतं, भिंती असत्या तर. पण बोळ सार्वजनिक होता. सार्वजनिक बोळ बंद झाल्याचा कागद दप्तरात नव्हता. तेव्हा नियमाप्रमाणे एक नोटीस चष्मेवाल्यांच्याच दारावर चिकटवण्यात आली: सदर बोळातून ये-जा करण्याचा कोणाचा वहिवाटीचा हक्क असल्यास त्याने एकवीस दिवसांत लेखी कळवावे, हक्क शाबीत झाल्यास तळमजला मोकळा करून देण्यात येईल. अधिकारी स्वतः खळ लावत होता आणि पुन्हा पुन्हा माफी मागत होता. तळमजला म्हणजे बैठक आणि स्वयंपाकघर. राहता राहिली वरची खोली, आणि तिच्याकडे जाणारा जिना स्वयंपाकघरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवाले दाढी करत असताना पोस्टमन पुढच्या दाराने आत आला, नमस्कार केला आणि मागच्या दाराने बाहेर पडला. मागच्या गल्लीत जायला त्याला एरवी ओळीच्या टोकाला वळसा घालावा लागे. नोटीस वाचून त्याला आपला हक्क नव्याने समजला होता. अकराच्या सुमारास एक अनोळखी गृहस्थ सायकल हातात धरून आले. त्यांनी सायकल पुसून आणली होती, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. चष्मेवाल्यांनी दोन्ही दारांना आतून कड्या घातल्या. त्यावर टायपिस्टबाईंनी गंभीरपणे सल्ला दिला, की कडी घालू नका. कडी घातली म्हणजे रस्ता अडवला, अडवला म्हणजे रस्ता होता हे तुम्हीच कबूल केलं. विमावाले म्हणाले, की दार उघडंही ठेवू नका, उघडं ठेवलं म्हणजे रस्ता दिला. चष्मेवाल्यांनी कळवळून विचारलं, की मग दाराचं करू काय. दोघांनी विचार करून उत्तर दिलं, की लोटून ठेवा.

पण सल्ल्यांचे दिवसही फार टिकले नाहीत. भिंत आपली आहे हे कळल्यावर माणूस बदलतो. चौथ्या दिवशी टायपिस्टबाईंचं टाइप केलेलं पत्र आलं. चष्मेवाल्यांच्या घरातल्या डाव्या भिंतीत, म्हणजे टायपिस्टबाईंच्या मिळकतीच्या बाह्य अंगास, एकूण सतरा खिळे ठोकलेले असून ते कोणत्या अधिकारात ठोकले याचा खुलासा व्हावा. खिळे सतराच होते. बाईंनी ते कधी मोजले, हे कोडं चष्मेवाल्यांना पुढे बरेच दिवस सुटलं नाही; बायकोला मात्र आठवत होतं, की मागच्या आठवड्यात साखर मागायला आल्या होत्या त्या बऱ्याच वेळ भिंतीकडे बघत उभ्या होत्या. विमावाल्यांनी पत्र लिहिलं नाही, ते स्वतः आले आणि कमालीच्या हळुवार आवाजात म्हणाले, की त्यांना स्वतःला काही नाही, पण त्यांच्या पाइपाला सोनेरी रंग दिलेला आहे. उद्या पाइप बदलायचा झाला तर तो सोनेरी मिळेल का, ही काळजी.

बायकोने एवढ्या दिवसांत एकदाही ‘मी सांगत होते’ असं म्हटलं नव्हतं, आणि त्याचंच चष्मेवाल्यांना जास्त दडपण आलं होतं. एके दिवशी डबा भरता भरता ती म्हणाली, “अहो, खरंच तळमजला गेला तर राहायचं कुठे? दादाकडे?” आणि चष्मेवाल्यांना चारी बाजूंनी मोकळं असं मेहुण्याचं घर डोळ्यांपुढे दिसलं, त्यातली पाहुण्यांची खोली दिसली, रोज सकाळी हवा कशी आरपार खेळते हे ऐकत चहा पिणारे आपण दिसलो.

तसा अजूनपर्यंत लेखी हक्क कोणी सांगितला नव्हता. पोस्टमनने लिहून देणार नाही असं कबूल केलं. सायकलवाले पुन्हा आले नाहीत. एकोणिसाव्या दिवशी मात्र अधिकारी धावत दुकानात आला. अर्ज आला होता, एकच, पण भक्कम. मागच्या गल्लीत एक सुईणआजी राहत होत्या. वय शहाऐंशी. या ओळीतली आणि आसपासची निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मलेली. त्यांनी वहीच्या पानावर वाकड्यातिकड्या अक्षरात कळवलं होतं, की आपण लहानपणी दहा वर्षं या बोळातून शाळेत जात होतो, सुनावणीला बोलवावं, सगळं सांगू.

चष्मेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ते भिंगांची पेटी घेऊन मागच्या गल्लीत गेले. जाताना त्यांनी स्वतःची समजूत घातली होती, की आपण फक्त एका वयस्कर बाईचे डोळे तपासायला चाललो आहोत, आणि ती समजूत वळणापर्यंत टिकलीही. आजींचा चष्मा एका बाजूची काडी तुटून दोऱ्याने कानाला बांधलेला होता. चष्मेवाल्यांनी त्यांचे डोळे पाऊण तास तपासले. घरातल्या कॅलेंडरवरचा तारखेचा आकडा त्यांना वाचता येत नव्हता. तरी त्या अजून भाजी स्वतः निवडत होत्या. चष्मेवाले सगळं विसरून चिडले. इतकी वर्षं कोणी बघितलं कसं नाही, म्हणाले. तीन दिवसांत त्यांनी नवा चष्मा करून आणला, स्वतःच्या हाताने नाकावर बसवला, काड्या कानामागे नीट वाकवून दिल्या. आजींनी आधी आपला तळहात पाहिला, उलटसुलट करून, बराच वेळ. मग त्यांच्याकडे पाहिलं.

“चष्मा छान आहे हो,” त्या म्हणाल्या. “पण मी जे पाहिलं तेच सांगणार. चष्म्याने त्यात फरक पडायचा नाही.”

चष्मेवाले म्हणाले, की पडू नयेच. आणि हे आपण मनापासून म्हणालो, याचं त्यांना परत येताना फारच वाईट वाटत राहिलं.

*

सुनावणी जागेवरच झाली, म्हणजे चष्मेवाल्यांच्या बैठकीत. नऊ फुटांच्या खोलीत अधिकारी, टायपिस्टबाई, विमावाले, दोघं नवराबायको आणि मध्ये आजींसाठी खुर्ची. खुर्ची उताराने हळूहळू मागे सरकत होती, ती विमावाल्यांनी पायाने अडवून धरली. अधिकाऱ्याने आजींना विचारलं, की बोळ कोणी बंद केला हे त्यांना आठवतं का.

आजी खुर्चीतून उठल्या, पुढच्या भिंतीपाशी गेल्या, नवा चष्मा सावरला आणि दाराच्या बाजूला जिथे गिलावा उडाला होता तिथल्या विटा बोटाने चाचपत पाहायला लागल्या. कुठे लाल वीट, कुठे पिवळट, कुठे अर्धी, कुठे जळकी. नीट बघितलं तर दोन सारख्या विटा शेजारी नव्हत्या. चष्मेवाले त्या उडालेल्या गिलाव्यासमोर नेहमी छत्री टांगत.

मग त्यांनी सांगितलं. या दहा घरांचा गवंडी एकच होता. तरुणपणी त्याने ही ओळ बांधली. छापखान्याच्या मालकाने कबूल केलं होतं, की काम संपल्यावर टोकाचं एक घर तुला. काम संपलं आणि मालकाला ते बोलणं आठवेना. गवंडी मागच्या गल्लीत पत्र्याच्या आडोशाला राहिला, पण ओळ सोडून गेला नाही. कोणाचं छप्पर गळलं, कोणाची पायरी खचली, की तोच यायचा. असा म्हातारा झाला. एका पावसाळ्यात त्याचा आडोसा पडला, बायको आजारी. तेव्हा डावीकडच्या घरातले, छापखान्यात अक्षरं जुळवणारे जुळारी आणि उजवीकडचे यंत्रावरचे कामगार असे दोघे त्याच्याकडे गेले. त्यांनी त्याला सांगितलं, की आमच्या दोघांच्या मध्ये बोळ आहे. एक भिंत माझी घे, एक यांची घे, उरलेल्या दोन तू बांध. छापखान्याला कोणी विचारलं नाही. दहा घरांच्या डागडुजीतून उरलेल्या विटा ज्याच्या त्याच्या परसात पडून होत्या, त्या सगळ्यांनी आणून दिल्या. म्हणून या भिंतीत दोन विटा सारख्या नाहीत.

टायपिस्टबाई हळूच म्हणाल्या, की डावीकडचे जुळारी म्हणजे त्यांच्या सासऱ्यांचे वडील. आजी म्हणाल्या, हो, तेच. बोटं कायम शाईने काळी असायची.

चष्मेवाले त्या उडालेल्या गिलाव्याकडे बघत राहिले. अठरा वर्षं या घरातली प्रत्येक खोटी गोष्ट त्यांनी पाहुण्यांना दाखवली होती, आणि खरी तेवढी छत्रीमागे लपवली होती.

पण अधिकाऱ्याला कर्तव्य होतं. त्याने घसा साफ केला आणि अडखळत विचारलं, की आजींच्या अर्जात लिहिलंय त्या दहा वर्षं इथून शाळेत गेल्या. मग बोळ बंद झाल्यावरही?

आजी म्हणाल्या, बंद झाल्यावरच तर. आधी त्या लहान होत्या, शाळा नव्हती. पुढच्या रस्त्यापलीकडे शाळा, मागच्या गल्लीत घर. वळसा घालून उशीर व्हायचा. गवंडीबाबा त्यांना घरातून जाऊ द्यायचे. रोज सकाळी मागून आत, पुढून बाहेर. दहा वर्षं.

विमावाल्यांनी डोळे मिटले. टायपिस्टबाईंनी कोर्टातल्या सवयीने मान खाली घातली. रोज, दहा वर्षं, दिवसाउजेडी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. वहिवाट म्हणजे दुसरं काय. अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं, आणि लिहिताना पहिल्यांदाच त्याचा चेहरा पडलेला होता. चष्मेवाल्यांच्या बायकोने नवऱ्याच्या बाहीला हात लावला.

टायपिस्टबाई एकदम उठल्या. “थांबा,” त्या म्हणाल्या. “हे अपुरं आहे. आजी, तुम्ही आत कशा यायच्या, तेवढं सांगा. दार उघडं असायचं की बंद?”

“बंद असायचं,” आजी म्हणाल्या. “मी वाजवायची. मग बाबा उघडायचे. एकदा बाबा झोपलेले होते, दार उघडलं नाही, तर मी गेले वळसा घालून.”

“रोज वाजवायच्या?”

“म्हणजे काय? लोकांच्या घरात शिरायचं तर दार वाजवायला नको? रस्त्यावरून जाताना कोणी दार वाजवतं का?”

टायपिस्टबाई अधिकाऱ्याकडे वळल्या आणि चौतीस वर्षांत टाइप केलेलं सगळं त्यांच्या आवाजात उतरलं. त्या म्हणाल्या, सबब, सदर ये-जा ही हक्काने नसून घरमालकाच्या परवानगीने होती. परवानगीने जो येतो तो वहिवाटदार नसून पाहुणा. घ्या लिहून, आणि ‘वाजवायची’ हा शब्द त्यांच्याच तोंडचा ठेवा, बदलू नका.

अधिकाऱ्याने लिहून घेतलं. ‘वाजवायची’च्या खाली त्याने दोन रेघा मारल्या.

आजींना मात्र एवढं काय झालं ते कळलं नाही. त्या म्हणाल्या, की आपण हक्कबिक्क सांगायला आलोच नव्हतो. नोटिशीत लिहिलं होतं, की बोळाबद्दल ज्याला माहीत आहे त्याने कळवावं, असं शेजारच्या मुलीने वाचून दाखवलं. आपल्याला माहीत होतं, आणि आपल्याशिवाय आता दुसरं कोणी नव्हतं.

*

निकाल सहा आठवड्यांनी आला. बोळ ऐंशी वर्षांपूर्वी उभय शेजाऱ्यांच्या संमतीने संपला असून सात क्रमांकाचं घर हे घर आहे, असं त्यात म्हटलं होतं. ‘घर हे घर आहे’ हे वाक्य चष्मेवाल्यांनी बायकोला दोनदा वाचून दाखवलं. टायपिस्टबाईंकडूनही एक पत्र आलं: सतरा खिळ्यांस पूर्वलक्षी प्रभावाने परवानगी देण्यात येत असून अठराव्यास हरकत नाही. पाटीही मंजूर झाली, पण एका घराला नव्हे, पूर्ण ओळीला एक, आणि नियमाप्रमाणे ती मधल्या घरावर लागते. अकरा घरांतलं मधलं म्हणजे सहावं. पितळी पाटी टायपिस्टबाईंच्या दाराशेजारी लागली. चष्मेवाल्यांनी शिडी धरली. पाटी बसवताना ती जरा डावीकडे कललेली आहे असं त्यांचं मत होतं, पण ते त्यांनी मनातच ठेवलं, आणि त्यांच्या स्वभावाच्या मानाने हे फारच झालं.

गिलाव्याचं काय करायचं, यावर घरात थोडी चर्चा झाली. शेवटी तो दाराच्या दोन्ही बाजूंनी पूर्ण उतरवला आणि विटा उघड्या ठेवल्या. ते काम करायला आलेल्या गवंड्याने जाताना मागच्या छपरातली काचही बदलून दिली.

आणि मग एका मंगळवारी, नवराबायको जेवायला बसलेले असताना, मागच्या दारावर दोनदा टकटक झाली. चष्मेवाले उठले. दारात सुईणआजी उभ्या होत्या, हातात दवाखान्याची फाइल आणि पिशवी. डॉक्टर पुढच्या रस्त्यावर बसत, आणि वळसा घालून आजकाल गुडघे दुखतात, असं त्या म्हणाल्या. मग जराशा संकोचाने त्यांनी विचारलं, “बोळ उघडा आहे का हो?”

तीन महिन्यांपूर्वी हा शब्द कोणी या दारात उच्चारला असता, तर चष्मेवाले आठवडाभर कोणाशी बोलले नसते.

“उघडा आहे, आजी,” ते म्हणाले. “या, फक्त उताराला जपून.” आणि हात धुवायला न थांबता त्यांनी आजींचा कोपर धरला, त्यांना घेऊन बैठकीतून पुढे गेले, आणि दुसरं दार उघडून दिलं.